भाटाच्या वहीतली शाळा

ज्या गावाला आपल्या शाळेचा इतिहास ठाऊक नाही त्याला वंशाचा अभिमान सांगण्याचा अधिकार नाही, असे मोटारीतून येणारी मंडळी मला हल्ली बजावतात. ही मंडळी आपापल्या कुळाचे मूळ शोधत फिरतात. त्यांना पूर्वज हवे असतात, आणि ते शाळेत गेलेले हवे असतात. निजामाच्या राजवटीत जिंतूर तालुक्यातल्या एका गावात मी एकखोली शाळेचा मास्तर होतो, म्हणून ते माझ्याकडे येतात. त्या शाळेचा इतिहास लिहून ठेवला पाहिजे, म्हणतात. तो एकदा लिहून झाला आहे. लिहिला जात होता तेव्हा मी समोरच बसलो होतो.

शाळा म्हणजे एका विधवेच्या घराची रस्त्याकडची खोली. सरकारी शाळा दूर, आणि तिथला कारभार उर्दूत. आमची मराठी शाळा खासगी, तिला हैदराबादची इजाजत लागे. ती पाटलांनी खटपट करून आणली, हे खरे. बाकी सगळे त्या बाईचे. भाडे ती घेत नसे. जमीन तीच सारवी, आणि पोरांनी गोंगाट केला की माझ्याआधी तीच ओरडे. तिला मूलबाळ नव्हते.

कुळांच्या वंशावळी वहीत चढवणारा आणि गावोगाव वाचून दाखवणारा भाट काही वर्षांच्या अंतराने गावात येई. त्याच्या वहीत पाटलांचे घराणे थेट सूर्यापासून निघत असे. वाटेत कोणी भाजल्याची नोंद नव्हती. पाटलांनी ठरवले, यंदा वाचन शाळेतच व्हावे आणि शाळाही वंशावळीत चढावी. ‘यांच्या आजोबांनी ग्रामी विद्यादान आरंभिले’ हे वाक्य भाट तयार करूनच आला होता. आजोबा वारले तेव्हा गावात लिहायची पाटीसुद्धा नव्हती.

ते वाक्य आले तसा आतल्या दारातून बाईचा आवाज आला.

“भाटबुवा, खोली माझी हाय. माझं नाव लिवा.”

“बाईचं नाव वहीत चढत न्हाई, माय. लेक असता तर त्याच्या नावावर काही लिवलं असतं. तुमच्या मालकाच्या नावाखाली मागंच रेघ मारलीय.”

“कोणाला इचारून मारली?”

“रीत हाय.”

“वहिनी,” पाटील म्हणाले, “चारचौघांत काय बोलायलाव? शाळा गावाची हाय.”

“गावाची हाय तर गावानं सारवावी की, भावजी. तुमचे आजे येत व्हते का शेण कालवायला?”

मागे कोणी तरी हसले. पाटलांनी मान वळवली तसा त्या हसण्याचा खोकला झाला.

“मास्तर, तुमी सांगा यांना. शिकलेलं मानूस हाव तुमी.”

मी म्हणालो, खोली बाईंची आहे, आणि आजोबांचा शाळेशी काही संबंध नाही.

“तुमाला कोणी इचारलं?” पाटील म्हणाले. त्यांनीच विचारले होते.

बिदागीचा फेटा अजून हातात पडला नव्हता, म्हणून भाटाने तडजोड काढली. “असं करतो, माय. रेघेच्या वर तुमच्या मालकाचं नाव हाय. तिथंच लिवतो, जागा यांनी दिली.”

“त्यानं? तो जिता असता तर तुमाला वट्यावर चढू दिलं नसतं. पोरांचा त्याला लय तिटकारा. दिली मी, अन् लिवता त्याला?”

“मग हाय तसंच ऱ्हाऊ द्या,” पाटील म्हणाले.

तसेच राहिले. भाटाने वाक्य वहीत उतरवले, त्यावर फुंकर घातली आणि सूर लावून पुन्हा वाचले. लोकांनी माना डोलावल्या. बाईने दारात उभे राहून शेवटपर्यंत ऐकून घेतले. फेटा बांधून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

“मास्तर, तुमचा फळा उचला. तुमच्यावर राग न्हाई माझा.”

पाटलांचा वाडा ऐसपैस होता. तिथे शाळा भरवू द्या म्हणून मी गेलो, तर पोरांचा कालवा घरात नको, असे उत्तर मिळाले. मारुतीच्या देवळात अर्ध्या पोरांना पायरी चढायची बंदी होती. त्याच आठवड्यात बाईने त्या खोलीत छपरापर्यंत कापूस भरला.