नाल्याच्या तोंडाशी

सकाळी आमच्या गल्लीतलं पावसाळी गटार साफ झालं म्हणे. दोघांनी झाकणं उचलून वरवरचा गाळ काढला आणि कडेलाच ठेवला. तिसऱ्याने मोबाइलवर त्या ढिगाचा फोटो घेतला.

"पाणी नाल्यापर्यंत जातंय का, बघितलंत?" मी विचारलं.

"पुढचा भाग दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे, मावशी," तो म्हणाला आणि तिघेही गेले.

माझे वडील नगरपालिकेत मुकादम होते. गटार साफ झालं की नाही, हे त्यांना फूल सांगायचं. देवावरचं आदल्या दिवशीचं एक झेंडूचं फूल ते गल्लीच्या वरच्या टोकाला गटारात सोडायचे आणि मागून दोन बादल्या पाणी ओतायचे. खाली, नाल्याच्या तोंडाशी, मी उभी. "आलं का गं?" ते वरूनच ओरडायचे. नाही म्हटलं, की मजूर मुकाट्याने पुन्हा फावडी उचलायचे. घरपट्टीच्या नावाने एरवी खडे फोडणारे शेजारीही तेव्हा ओट्यावर येऊन वाट बघत. मग काळ्या पाण्यातून ते पिवळं फूल डुलत बाहेर पडायचं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडायची, "आलं!"

आज दुपारी मीच एक फूल सोडलं, बादल्या ओतल्या आणि दुखरे गुडघे सांभाळत नाल्याशी जाऊन उभी राहिले. बराच वेळ झाला. फूल काही आलं नाही.

मी वळून वर बघितलं. आलं का, म्हणून विचारायलाही तिथे कोणी नव्हतं.