देवरावभाऊंचा दम, मास्तरांचा गुडघा

आमच्या आणि देवरावभाऊंच्या घराची मधली भिंत एकच. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठं जावं लागत नाही. भिंतीतून ओल यावी तसे ते आपोआप येतात. "वैनी, तुमचे कान भिंतीतच बसवले का?" असं देवरावभाऊ विचारतात. मी म्हणते, "वाजवता तुम्ही, अन् ऐकण्याचा दोष माझा?"

देवरावभाऊ म्हणजे वरठीचे रिटायर फिटर. माउथऑर्गन त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो, बाकी लोकांचा चष्मा असतो तिथं. मागच्या गल्लीत तुळशीराम मास्तर. शाळेतले मास्तर नव्हेत. झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर ऑर्गन वाजवला म्हणून मास्तर. पायांनी भाता मारायचा, हातांनी वाजवायचं, तो मोठा लाकडी ऑर्गन! नाटकमंडळीत कीबोर्ड आला, तसे मास्तर घरी आले. मग सुनेनं वॉशिंग मशीन आणली आणि ऑर्गन ठेल्यावर बसून देवरावभाऊंच्या घरापुढच्या छपरीत आला.

देवरावभाऊंची बायको सुलोचनाबाई. ती दारात उभी राहून म्हणाली, "याले जेवायले तं लागत नाही ना? मंग राहू द्या!"

*

पहिल्याच दिवशी भांडण. दोन्ही वाद्यं जुळेनात. ऑर्गन जरा खाली, माउथऑर्गन जरा वर. तबला असता तर हातोडी मारून चढवला असता. यांच्या पोटात पितळेच्या रीड, सुरांच्या बारीक पट्ट्या, त्या घासल्याशिवाय जिथं आहेत तिथंच.

"मास्तर, तुमचा सूर पडला."

"पडला नाही, बसला आहे. तुझाच उगाच उभा आहे!"

चार दिवस अबोला. मग दोघांनाही आतून वाईट वाटलं असावं. देवरावभाऊ बाजारात गेले की मास्तर गुपचूप छपरीत यायचे, ऑर्गन उघडून रीड टोकाशी घासायचे, सूर वर चढवायचे. आणि मास्तर घरी गेले की देवरावभाऊ परसात न्हाणीमागं बसून, कानस घेऊन माउथऑर्गनच्या रीड बुडाशी घासायचे, सूर खाली उतरवायचे. मला दोन्हीकडचं दिसत होतं. पण सांगून टाकलं तर मजा काय!

एका सकाळी दोघं मोठ्या प्रेमानं वाजवायला बसले. आता ऑर्गन वर आणि माउथऑर्गन खाली!

सुलोचनाबाई चहा ठेवत म्हणाली, "आता पुन्हा घासान तं दोघायच्याही पोटात भोकंच राहतीन. समोरासमोर बसून घासा!"

*

मग ऑर्गनचा भाता उंदरानं कुरतडला. मास्तरांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावायचा ठरवलं आणि पंक्चरवाल्याला घरी बोलावलं. त्यानं भाता दाबून पाहिला, सोल्यूशन लावलं, ठिगळ बसवलं, आणि उठताना पंप हातात घेऊन अगदी गंभीरपणे विचारलं, "मास्तर, हवा किती भरू?"

*

विहारातल्या कार्यक्रमात दोघांनी भूप राग वाजवला. आम्ही सगळे हात जोडल्यासारखे बसलेलो. शेजारची म्हातारी बराच वेळ ऐकून म्हणाली, "बाबू, हे चांगलंच आहे. पण आमचंही एखादं वाजवा ना!"

मास्तर हसले. न थांबता, त्याच सुरांवरून त्यांनी दंडारीच्या, म्हणजे आमच्या झाडीतल्या नाच-नाटकाच्या, गाण्याची चाल उचलली. देवरावभाऊ मागं आले. म्हातारी मांडीवर ताल धरू लागली.

नंतर मी विचारलं, "मास्तर, एवढ्या लवकर कसं बदललं हो?"

"बदललं कुठं, बाई? सूर तेच पाच आहेत. पयल्यांदा इस्त्रीचे कपडे घातले होते, मंग घरचे."

*

हसण्यासारखं इथवर. मागच्या वर्षी देवरावभाऊंना दम लागू लागला. जिना तर सोडाच, ओसरीवरून फाटकापर्यंत गेले तरी भिंतीला हात टेकायचे. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "काका, फुंकणं बंद."

देवरावभाऊ विचारात पडले. "डॉक्टरसाहेब, हे वाद्य अर्धं फुंकायचं असते, अर्धं ओढायचं. अर्धं तरी चालन का?"

डॉक्टरांना हसू आलं. थोडं थोडं वाजवा म्हणाले, पण दम लागला की तिथंच थांबायचं.

देवरावभाऊ घरी आले. तेवढ्यात करडीहून निरोप आला: दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दुपारी दंडारीच्या आधी तुमच्या जोडीचं ऐकायचं आहे. करडी मास्तरांचं गाव. देवरावभाऊ माउथऑर्गनच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "एक गाणं पुरं, न थांबता वाजवीन. मंग खिसा रिकामा करतो."

सुलोचनाबाई म्हणाली, "दम आधी, मंडई मंग!" पण ती रडत होती, ते भिंतीअलीकडून ऐकू येत होतं.

*

रियाज सुरू झाला. आता मास्तरांचा गुडघा दुखू लागला. दोन ओळी वाजल्या की पाय थांबायचा. "थांब बा देवराव, गुडघा धरला!" मग ते गुडघा चोळत बसायचे, आणि तोवर देवरावभाऊंचा श्वास खाली बसायचा.

मला शंका आली. या मास्तरांना मी त्याच आठवड्यात वरठी स्टेशनच्या पुलावर भाजीची पिशवी घेऊन टणाटणा चढताना पाहिलं होतं. मला राहवतं थोडंच! मास्तर गेल्यावर मी कुंपणावरून म्हटलं, "भाऊ, एक सांगू का? मास्तरांचा गुडघा..."

"मालूम आहे, वैनी," देवरावभाऊ म्हणाले. "काल डावा दुखत होता, आज उजवा दुखून राहिला. त्यायले सांगू नका."

*

मंडईच्या दिवशी आम्ही सगळे करडीला गेलो. मांडव भरलेला. ऑर्गन ट्रॅक्टरमधून आणलेला. सुरू करण्याआधी देवरावभाऊ वाकून मास्तरांशी काहीतरी बोलले. माइक चालू होता, म्हणून सगळ्या मांडवाला ऐकू गेलं: "मास्तर, आज गुडघा दुखू देऊ नका."

मास्तरांनी मान खाली घातली आणि भाता मारायला सुरुवात केली.

दंडारीचीच चाल होती. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. शेवटच्या फेऱ्यात देवरावभाऊंचे खांदे वर आले आणि आवाज थांबला. माउथऑर्गन ओठांवरच होता. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण पाय थांबवला नाही. एकच सूर धरून बसले. सुलोचनाबाईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या बांगड्या रुतल्या.

मग देवरावभाऊंनी श्वास घेतला. वाद्य ओठांवरून काढलंच नाही. तो सगळा श्वास त्यातूनच आत गेला आणि जाता जाता वाजला. लांब, बारीक, दोन-तीन सूर एकमेकांत मिसळलेले. मास्तरांची बोटं लगेच तिथं गेली, आणि तिथून दोघांनी मिळून गाणं संपवलं.

"वन्समोर!" मागून आरोळी आली. "वन्समोर!"

सुलोचनाबाईनं पदरानं नाक पुसलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाहा ना वैनी, इतके वर्सं झाले, हा सूर घरी कधी वाजवला नाही यायनं!"