परतबाई

बिस्किटांच्या कारखान्यात तिला सगळे परतबाई म्हणायचे. पाठीमागे, अर्थात. येणाऱ्या प्रत्येक पोत्यातली चिमूट आधी तिच्या टेबलावर यायची. साखर, मीठ, सोडा, सगळं पांढरंच, आणि पोत्यावरच्या छापील अक्षरांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. दाणा भिंगाखाली कसा दिसतो, पाण्यात किती विरघळतो, किती तापल्यावर वितळतो, हे ती बघायची. चव मात्र कधीच घ्यायची नाही. बाकी सगळे गुण जुळले आणि एक हुकला, तरी पोतं परत. ड्रायव्हर हातापाया पडला तरी परत.

ताकही फुंकून पिणाऱ्या या बाईच्या घरी मात्र बरण्यांचा नुसता सावळागोंधळ होता. बाबांचं पूर्वी किराणा दुकान होतं. दुकान आता त्यांना आठवत नव्हतं, त्यांच्या हातांना आठवत होतं. ती कामावर गेली की ते बरण्या रिकाम्या करून पुन्हा भरत बसायचे. साखरेच्या बरणीत मीठ, मिठाच्या बरणीत धुण्याचा सोडा. सोबतीला असलेली मावशी दुपारभर घोरायची. कपाटाला कुलूप घातलं तर बाबा लहान मुलासारखे रडायचे. म्हणून संध्याकाळी, पाठीचा पार भुगा झालेला असताना, चहाआधी तिला पुन्हा तेच काम. चिमूटभर पूड पळीत घेऊन गॅसवर धरायची. साखर वितळून तांबूस होते, मीठ नुसतं तडतडतं.

दादा दूरच्या शहरात होता. त्याची माया फोनवरून उतू जायची. बाबा तिला ओळखतात तोवर घरी, ओळखेनासे झाले की वृद्धाश्रमात, असं भावाबहिणीचं ठरलं होतं. अट तिनेच घातली होती, खोटं कशाला सांगा. अट घातली त्या दिवशी ती फार दमली होती.

आज बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तुम्ही रोज येता ना?"

पळी गॅसवर धरूनच ती म्हणाली, "हो."

त्यांनी जवळ येऊन तिचा दुसरा हात धरला. "केवढा गार! माझ्या मुलीचाही अस्साच. उन्हातून आली तरी गारच." मग त्यांनी तिचा चेहरा निरखला आणि मान हलवली. "पण ती अशी दमलेली नसते हो. हसरी आहे ती."

तिला रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं. पळीतली चिमूट वितळून तांबूस झाली होती. साखरच होती. तिने पळी ओट्यावर ठेवून गॅस बंद केला, तेवढ्यात दादाचा रोजचा फोन आला.

"काय गं, ओळखलं का आज?"

बाबांनी हात अजून सोडला नव्हता. ऊब यावी म्हणून दोन्ही तळव्यांत धरून ते तो चोळत होते.

"ओळखलं," परतबाई म्हणाली.

"नक्की?"

"हो रे. हात गार आहे म्हणाले."

आजवर एवढ्याशा पुराव्यावर तिने एकही पोतं आत घेतलं नव्हतं. फोन ठेवून तिने बाबांच्या चहात साखर घातली, आणि त्यांच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला.