काकांना पटलेला निळा कोट

आधी चष्मा काढायचे. मग शर्टाच्या टोकाने काचा सावकाश पुसायचे. आणि चष्मा परत नाकावर ठेवता ठेवता म्हणायचे, "पटलं नाही."

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एक जण असेल आणि तुम्ही त्याला टाळत असाल. ठाण्यात कोपरीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ती सोय नव्हती, कारण काका गेटजवळच्या बाकावर बसलेलेच असायचे. मी लग्न होऊन इथे आले त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातचे पोहे खाल्ले, चष्मा पुसला आणि कांदा कमी पडल्याचं सांगितलं. मला रडूच आलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, दुसऱ्यांदा मागून घेतले ना त्यांनी, मग झालं तर.

काका डोंबिवलीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. बायको लवकर गेलेली, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. अंगात कायम अर्ध्या बाह्यांचा, धुऊन धुऊन रंग उडालेला शर्ट. बिल्डिंगच्या नव्या रंगापासून टेंभी नाक्याच्या देवीच्या रोषणाईपर्यंत त्यांना काहीही पटलेलं नव्हतं, पण रोषणाई बघायला दर वर्षी सगळ्यांच्या आधी तेच जायचे. बुद्धपौर्णिमेला दुसऱ्या मजल्यावरून खीर यायची. वाटी चाटूनपुसून लख्ख झाली की वेलची जास्त पडली हे त्यांना पटलेलं नसायचं.

ही खीर पाठवायच्या त्या सिस्टर. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या, पण अजून सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टरच म्हणते. निम्म्या कोपरीला त्यांनी इंजेक्शनं दिलीत, त्यामुळे त्यांच्यापुढे मोठमोठे लोक जरा जपून वागतात. काका तेवढे वागत नसत. आणि त्या दोघांच्या भांडणाचं कारण होतं सिनेमातला एक हेर.

तो नट सिस्टरचा जीव की प्राण. दोन-तीन वर्षांनी त्याच्या हेरपटाचा नवा भाग येतो, पहिल्याच आठवड्यात आम्ही सगळे जातो आणि मग महिनाभर गेटजवळच्या बाकावर खटला चालतो. काकांचं पहिलं कलम कपड्यांचं. एका भागात तो गुडघ्यापर्यंत लांब निळा कोट घालून शत्रूच्या देशात भर बाजारातून फिरला होता. काकांचं म्हणणं, हेराने लिफ्टमध्ये आपल्याला वेळ विचारली तरी नंतर त्याचा चेहरा आठवता कामा नये, आणि हा तर वरातीत पुढे चालणाऱ्या बँडवाल्यासारखा नटून आलाय.

"मग काय तुमच्यासारखा शर्ट घालू दे?" सिस्टर म्हणाल्या होत्या. "तो बघायला तिकीट कशाला काढू साहेब? गेटवर फुकट दिसतो."

दुसरं कलम अभिनयाचं. हेराचा जिवाभावाचा मित्र मरतो तेव्हा नटाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलत नाही, असं काका म्हणायचे. सिस्टरना तोच अभिनय वाटायचा. मनातलं चेहऱ्यावर दिसू देत नाही म्हणून तर तो हेर. वॉर्डात एखादा पेशंट जातो आणि तुम्हाला लगेच शेजारच्या खाटेवरच्याला हसून औषध द्यावं लागतं, ते कसं जमतं हे तुम्हाला नाही कळायचं, असंही त्या एकदा बोलून गेल्या. काकांनी बराच वेळ काचा पुसल्या. पटलं नाही हे शेवटी म्हणालेच, पण आवाज बराच खाली आला होता.

मला विचाराल तर काका त्या नटाचे सिस्टरपेक्षाही मोठे चाहते होते. न पटणाऱ्या माणसाचा प्रत्येक सिनेमा कुणी पहिल्या आठवड्यात बघतं का? हे मी एकदा तोंडावर म्हटलं, तर अर्थातच पटलं नाही.

गेल्या भागाला आम्ही ठाण्यातल्या मॉलमध्ये दुपारच्या खेळाला गेलो होतो. मी, माझा नवरा, काका आणि सिस्टर. या वेळी हेराच्या अंगात मरून रंगाचा कोट होता. सगळ्या कोपरीत त्याची पोस्टरं लागली होती, न बघणाऱ्यालाही रंग पाठ झाला होता. सिनेमा चालू असताना सिस्टर अधूनमधून विचारत होत्या, हा कोण आला, तो गेला का. मला वाटलं, कथाच गुंतागुंतीची आहे.

बाहेर येऊन चहा घेताना त्या खुशीत म्हणाल्या, "तो निळा कोट मात्र काय शोभतो हो त्याला! परत घातला ते बरं केलं."

मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा चहाच्या ग्लासात बघायला लागला. काकांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. हा माणूस चुकीला चूक म्हणतो आणि बरोबरलाही चूक म्हणतो.

चष्मा नाकावर ठेवून काका म्हणाले, "हो. निळाच छान दिसतो. पटलं."

सिस्टरनी उरलेला चहा संपवला. घरी पोहोचेपर्यंत कोटाचा विषय पुन्हा निघाला नाही. आम्ही मनात म्हटलं, वाचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात उभ्या. कोट कुठल्या रंगाचा होता, एवढंच विचारलं. मी काकांचं नाव पुढे केलं, ते म्हणाले ना निळा.

"ते पटलं म्हणाले ना, तेव्हाच कळलं मला," सिस्टर म्हणाल्या. "आयुष्यात कधी हो म्हणाला का गं तो माणूस?"

आणि मग आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तोही पिकलेला. गडद रंग सगळे एकसारखेच दिसायचे, कोटाचा रंग त्यांनी त्या जुन्या भागावरून ठोकून दिला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन कधीच सांगितलं होतं. पण इतरांना खुशाल सुया टोचणाऱ्या सिस्टर स्वतःच्या डोळ्याला हात लावू द्यायला घाबरत होत्या, आणि ही भीती कुणाला कळू नये म्हणून कितीतरी महिने जिना पाठ करून उतरत होत्या. आमच्या बिल्डिंगमध्ये खरा हेर हा असा नांदत होता. मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं.

मी खाली जाऊन काकांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, काका, हेरगिरी तुम्हाला जमली नाही. ते ओशाळले. म्हणाले, "सगळ्यांसमोर कसं सांगायचं गं? वाईट वाटलं असतं त्यांना." मग उठले आणि दोन जिने चढून वर गेले. सिस्टर म्हणाल्या, माझं वय झालं, आता ऑपरेशनची गरज नाही. काकांना पटलं नाही. म्हणाल्या, दिवाळीनंतर बघू. तेही पटलं नाही. आठवडाभर रोज वर जाऊन त्यांनी एवढं एकच काम केलं, आणि शेवटी वैतागून सिस्टर दवाखान्यात गेल्या. काका बरोबर होतेच. तिथे त्यांना बाकांची उंची पटली नाही, डॉक्टरांचं अक्षर पटलं नाही. आत ऑपरेशन चालू होतं तेवढा वेळ मात्र नुसता चष्मा पुसत बसले.

दोन्ही डोळे झाले तोवर तो सिनेमा टीव्हीवर आला होता. सगळे आमच्याकडे जमलो. हेर जिन्यावरून खाली उतरला तशा सिस्टर पुढे सरकल्या.

"मरून आहे हो," त्या म्हणाल्या. "आणि काय शोभतोय."

टीव्ही सोडून आम्ही सगळे काकांकडे बघायला लागलो. त्यांनी सावकाश काचा पुसल्या.

"मरून आहे हे खरं. शोभतो हे पटलं नाही."

सिस्टर टाळ्या वाजवून हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या त्या नव्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डोळ्याला पदर लावू नका म्हणून काकाच ओरडले.

मागच्या वर्षी मुलगी येऊन काकांना बंगळुरूला घेऊन गेली. गुडघे कुरकुरायला लागले होते, त्यांचं एकट्याने राहणं तिला पटत नव्हतं. आता बाक रिकामा असतो. जाता-येता आम्हाला कुणी काही चुकीचं ठरवत नाही, आणि इतकं बरोबर असायची मला अजून सवय झालेली नाही.

परवा हेराचा नवा भाग आला. आम्ही गेलो. या वेळी तो पांढऱ्या सुटात होता. बाहेर चहा घेताना सिस्टर म्हणाल्या, पांढरा रंग खुलतो त्याला. मी हो म्हटलं. नवराही हो म्हणाला. सिस्टरनी ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही सगळे नुसते हो हो करता. मग मला नीट दिसतंय की नाही हे कळणार कसं?"

मी काकांना फोन लावला आणि त्यांच्या हातात दिला. काकांनी तिकडे सिनेमा पहिल्याच दिवशी बघितला होता, अर्थातच. सिस्टर म्हणाल्या, "साहेब, पांढरा सूट. छान दिसला की नाही?"

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नव्हता. चष्मा काढला असणार. सिस्टर फोन कानाशी घट्ट धरून वाट बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू आधीच यायला लागलं होतं.