आरशातून सुटलेली माणसं

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माणूस काही आठवडे येतो, क्लच सोडायला शिकतो, लायसन्स घेतो आणि निघून जातो. नंतर बाजारात समोर आला तर ओळख देईलच असं नाही. पण त्याचा किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो. आमचं वर्ध्याचं ऑफिस म्हणजे एक टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता. उन्हाळ्यात दुपारी आम्ही गाड्या बाहेर काढत नाही. मग चहा येतो आणि किस्से निघतात.

मालक दिवाकरभाऊ. लेडीज बॅच माझ्याकडे आणि बाकीची वानखेडे काकांकडे. काका आयुष्यभर बस चालवून रिटायर झाले, पण घरी बसवेना म्हणून आमच्याकडे आले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. गिअर अडकल्याचे, गाडी गटारात गेल्याचे किस्से आम्ही विसरून जातो. लक्षात राहतात ते लेन बदलण्याचे. गाडीच्या दोन्ही बाजूंना, मागच्या दाराजवळ एक जागा असते. ती ना मधल्या आरशात येते ना बाजूच्या. तोच ब्लाइंड स्पॉट. काका त्यावर सगळ्यांना एकच मंत्र देतात, "आरसा, इंडिकेटर, मान. मंग स्टिअरिंग." मान म्हणजे खांद्यावरून मागे एक नजर. बस, एवढंच. पण ते 'एवढंच' करायला माणूस तयार नसतो.

* * *

सेलूचे एक कापड दुकानदार नवी गाडी घेऊन शिकायला आले. गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक तसंच, आणि दोन्ही बाजूचे आरसे मिटवलेले. दिवाकरभाऊंनी आधी आरसे उघडायला सांगितले.

शेटजी म्हणाले, "नाई भाऊ, फुटतात ते. आमच्या गल्लीत गायी घासून जातात."

"मंग मागचं पाहता कसं?"

"मी कायले पाहू? मागचे पाह्यतात ना मले."

भाऊंनी आरसे उघडून दिले, समजावून सांगितलं. क्लास संपला की शेटजी पुन्हा मिटवून घरी जायचे. एक दिवस ते ऑटोने आले. हायवेवर उजवीकडे घेताना मागून आलेल्या ट्रकने मागच्या दारापासून मागच्या दिव्यापर्यंत गाडी सोलून काढली होती. हाताला प्लास्टर, कपाळाला टाके. मोबाइलवर गाडीचा फोटो दाखवत म्हणाले, "पण पाहा, आरशाले काई झालं नाई."

* * *

कापसाचे दिवस होते. काका एका प्राध्यापकांना घेऊन समुद्रपूरला निघाले होते. मला तिकडे काम होतं म्हणून मी मागच्या सीटवर बसले. पुढे एक ट्रॅक्टर चालला होता. ट्रॉलीत कापूस इतका भरलेला, की ती दोन्ही बाजूंनी फुगली होती. ट्रॅक्टरवाल्याला मागचं काही दिसणं शक्यच नव्हतं. अशा वेळी एक माणूस वर बसवतात. मागून गाडी आली की तो ओरडून सांगतो. हा माणूस कापसावर पसरून झोपला होता.

काका हसून म्हणाले, "आरसा झोपला की हो यांचा."

प्राध्यापकांनी सगळं नीट केलं. आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, मान वळवली आणि मगच उजवीकडे घेतलं. नेमका त्याच वेळी खड्डा चुकवायला ट्रॅक्टरही उजवीकडे आला. शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, तो काकांनी दाबला. आम्ही वाचलो. पण ट्रॅक्टरने परत डावीकडे झटका घेतला आणि वरचा माणूस कापसासकट रस्त्यावर आला.

तो उठला. भुवईतून रक्त येत होतं. बाजूने गाड्या सुसाट जात होत्या आणि हा वाकून कापूस गोळा करायला लागला. प्राध्यापक त्याला दवाखान्यात चल म्हणून विनवत होते. त्याचं एकच, आधी कापूस, मालक बोलेल. शेवटी काका लाल फडकं घेऊन रस्त्यात उभे राहिले आणि प्राध्यापक आणि मी त्याच्यासोबत खाली बसलो. कापसावरचं रक्त पुसता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. तेवढा कापूस त्याने वेगळा करून शर्टात बांधला.

काकांनी ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, "बाबू, वळताना एक डाव मागं तरी पाह्यचं."

तो म्हणाला, "मले वाटलं तो सांगन."

* * *

माझ्या बॅचला एक नर्स होती, प्रणिता. मन लावून शिकणारी. मान वळवायची सवय तिला पहिल्या आठवड्यातच लागली. पण संध्याकाळी नवरा तिची प्रॅक्टिस घ्यायचा आणि तिने मान वळवली की ओरडायचा, "समोर पाह्य. गाडी पुढं चालते का मागं?" हे ती मला रोज सांगायची. मी म्हणायचे, तू ऐकू नकोस. ती म्हणायची, मॅडम, घरी राहायचं आहे मला.

एका संध्याकाळी तिने समोर पाहिलं. डावीकडे घेताना एक कॉलेजची मुलगी दाराला धडकून स्कूटीसकट पडली. पायाचं हाड मोडलं.

प्रणिता दार उघडून खाली बसली आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या मुलीचा पाय दोन्ही हातांनी सरळ धरून राहिली. बोलत राहिली तिच्याशी, तुझं नाव काय, कोणत्या वर्षाला आहेस. तिचा नवरा तोवर जमलेल्या लोकांना सांगत होता, काय करता, लेडीज ड्रायव्हर. त्या मुलीचं प्लास्टर निघेपर्यंत प्रणिता ड्यूटी संपवून तिच्या घरी जात होती. नवरा एकदाही गेला नाही.

काही महिन्यांनी ती पुन्हा क्लासला आली. मला वाटलं, आता हिला पहिल्यापासून शिकवावं लागणार. ती म्हणाली, "गाडी येते मला मॅडम. नवऱ्याले मागच्या सीटवर कसं बसवायचं ते शिकवा."

* * *

समुद्रपूरकडची एक ग्रामसेविका शिकत होती. तिला घेऊन मी नागपूरच्या रस्त्याला गेले होते. तिने एका टेम्पोला ओव्हरटेक केलं आणि परत डाव्या लेनमध्ये यायला लागली. आरसा पाहिला होता तिने. पण आमच्या मागच्या दाराला लागून एक मोटरसायकल होती, ती मला एकदम खिडकीच्या काचेतून दिसली. मी ब्रेक दाबला, स्टिअरिंग ओढलं. मोटरसायकल मुरमात उतरली, डगमगली, पण पडली नाही.

मोटरसायकलवाल्याने पुढे जाऊन गाडी थांबवली. मी मनाची तयारी केली, आता हा शिव्या देणार. तो जवळ आला. त्याने फक्त पाणी मागितलं.

मागे बसलेली बायको मात्र उतरली होती. हातात पिशवी घेऊन ती रस्त्याच्या कडेने केळझरच्या दिशेने चालायला लागली होती. नवऱ्याने हाका मारल्या. तिने वळून पाहिलं नाही. मी धावत गेले, माफी मागितली. म्हटलं, बाई, ऊन फार आहे, आमच्या गाडीत बसा, घरापर्यंत सोडतो.

ती थांबली. रागावलेली नव्हती. म्हणाली, "तुमच्या गाडीत कशी बसू? तुमाले तं मी दिसलीच नाई."

आणि पुन्हा चालायला लागली. नवरा पहिल्या गिअरमध्ये मोटरसायकल घेऊन तिच्या बाजूने हळूहळू जात राहिला. ती दोघं लहान होत होत दिसेनाशी झाली, तोवर आम्ही तिथेच उभ्या होतो. मग ग्रामसेविकेने किल्ली माझ्या हातात दिली.

* * *

एक रिटायर गुरुजी होते. अनेक वर्षं गाडी चालवलेले. पण अलीकडे त्यांची गाडी सारखी डाव्या बाजूने घासत होती म्हणून बायको त्यांना हट्टाने आमच्याकडे घेऊन आली. गुरुजी चिडलेले होते. मला काय शिकवणार तुम्ही, म्हणाले. हिच्या समाधानासाठी आलो.

काका त्यांना घेऊन निघाले. गुरुजींची पद्धत पुस्तकातल्यासारखी. आरसा, इंडिकेटर, मान, सगळं जिथल्या तिथे. आणि तरीही डावीकडे घेताना ते सरळ एका ऑटोवर चालले. काकांनी गाडी थांबवली.

"गुरुजी, ऑटो दिसला नाई काय?"

गुरुजी म्हणाले, "कोणता ऑटो?"

ऑटो अजून बाजूलाच उभा होता. ऑटोवाला काचेवर हात आपटत होता. काकांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि जागा बदलून घेतली.

डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू. डाव्या बाजूची नजर हळूहळू गेलेली, गुरुजींना कळलंही नाही. गेलेली परत येणार नव्हती. उरलेली सांभाळायची, एवढंच हातात होतं.

काही दिवसांनी दोघं ऑफिसात आले. गाडी विकल्याचं सांगायला. गुरुजींनी आधी गाडी कितीला गेली ते सांगितलं. मग म्हणाले, "वर्षभर मी हिच्यावर खेकसत होतो. चोरासारखी येऊन बाजूला उभी राहतेस, म्हणायचो, दचकवतेस. ही चहा घेऊन यायची हो. डावीकडून यायची."

त्यांची बायको त्यांच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर बसली होती. पदर सारखा करत म्हणाली, "आता मी खोकून येते."

* * *

केळझरच्या बाजूचे किसनाजी आमच्याकडे शिकायला आले नव्हते. म्हातारा माणूस, धोतर, टोपी, बसने आलेले. दिवाकरभाऊंना वाटलं मुलासाठी चौकशी करायला आले असतील. म्हणून त्यांनी विचारलं, मुलगा कुठे आहे?

किसनाजी म्हणाले, मुलगा गेला.

मग हळूहळू सगळं सांगितलं. मुलाचं नाव उमेश. मोटरसायकलवर घरी येत होता. पुढे गावातल्याच सचिनची कार होती. सचिन शेजारचा, शाळामास्तर, लहानपणापासून उमेशसोबत खेळलेला. त्याने ट्रकला ओव्हरटेक करायला गाडी उजवीकडे घेतली, आणि उमेश तिथेच होता.

तेव्हापासून सचिन रोज शाळा सुटली की किसनाजींच्या ओसरीवर येऊन बसतो. बोलला तर एवढंच बोलतो, काका, दिसलाच नाई तो मले. किसनाजींनी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. पाणीही विचारलं नव्हतं. गावातले लोक सांगत होते, खोटं बोलतो तो, मोबाइलवर बोलत असेल, तुम्ही तसंच लिहून द्या.

"उद्या ठाण्यात जवाब हाये माझा," किसनाजी म्हणाले. "मी तं काई पाह्यलं नाई. पन मले एक समजत नाई. एवढा धडधाकट मानूस, फटफटीवर बसलेला, दिवसाढवळ्या. तो दिसत नाई असं होते काय? तुमी शिकवता. मले दाखवा."

दिवाकरभाऊ काकांकडे पाहायला लागले. काका उठले.

आम्ही मागच्या मैदानात गेलो. काकांनी किसनाजींना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, सीट पुढे सरकवली, तिन्ही आरसे त्यांच्या नजरेला जुळवून दिले. मग आपली मोटरसायकल आणून गाडीच्या मागे बरीच लांब उभी केली आणि तिच्यावर बसले. मी खिडकीशी उभी होते. मी विचारलं, दिसते का? किसनाजींनी मधल्या आरशात पाहिलं, म्हणाले, दिसते. काकांनी पायाने ढकलत मोटरसायकल जवळ आणली, उजव्या बाजूला. दिसते, बाजूच्या आरशात. अजून थोडी पुढे.

किसनाजींनी डोळे बारीक केले. मधल्या आरशात पाहिलं. बाजूच्या आरशात पाहिलं. पुन्हा मधल्या. मग मला म्हणाले, "सांगा त्याईले, आना म्हनाव गाडी."

"आणली आहे," मी म्हणाले. "तिथेच आहेत ते."

त्यांनी मान वळवली. काका इतके जवळ होते की हात लांबवला असता तर लागले असते. किसनाजी त्यांच्याकडे बघत राहिले. पुन्हा समोर तोंड करून आरशात पाहिलं. पुन्हा मान वळवली. असं त्यांनी किती वेळा केलं कोण जाणे. काका तसेच बसून होते.

मग ते खाली उतरले. काकांना मोटरसायकल बाजूला घ्यायला सांगितली. मला म्हणाले, "बाई, तुमी बसा गाडीत."

मी बसले. सीट मागे घेतली, आरसे माझ्या नजरेला जुळवून घेतले. ते जिथे मोटरसायकल होती तिथे जाऊन उभे राहिले असणार, कारण पावलं वाजली आणि थांबली. आरशात मैदान होतं, पलीकडची बाभूळ होती, वर आभाळ होतं.

मागून त्यांचा आवाज आला, "दिसून राह्यलो काय?"

मी म्हणाले, "नाही."

"बरं," ते म्हणाले. आणि तिथेच उभे राहिले.