कोरड्या रांगेतील जड कुंड्या

काटेकाकूंचा व माझा परिचय प्रौढ शिक्षण वर्गातील एका बाकावर झाला. वास्तविक त्याआधीही आम्ही दोघी एकाच काचघरात कामाला होतो. मी झाडलोट करीत असे आणि त्या वजनकाट्यापाशी बसत, म्हणून त्यांना हे नाव पडले होते. परंतु झाडू व काटा यांचे फारसे बोलणे होत नसे.

पाणी तोडल्यावर ज्वारी कितपत तग धरते, हे तेथे मोजले जाई. एका रांगेला पाणी मिळे, दुसरीला थेंबही नाही. काकू रोज सकाळी प्रत्येक कुंडी काट्यावर ठेवीत व तिच्यातील किती पाणी उडाले, ते प्रयोग चालवणाऱ्या मॅडमना सांगत.

आमची ओळख झाल्यावर एकदा कोरड्या रांगेतील कुंड्या हलक्या होण्याऐवजी जड होऊ लागल्या.

"काकू, तुम्हाला पाझर तर फुटला नाही ना?" मॅडमनी विचारले. "पुन्हा असं झालं, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

दुपारी काकूंचे यजमान डबा घेऊन आले. ते त्याच आवारातील निवृत्त माळी. काकू हात धुऊन येईपर्यंत ते रोज रांगांमध्ये फेरी मारीत.

त्या दिवशी काकू त्यांच्या देखत मला म्हणाल्या, "कोरड्या रांगेच्या मातीत परवापासून औषध घातलंय बरं का. बोट लागलं तर आठ दिवस वास जात नाही. साबणानंही नाही."

औषध घातलेले नव्हते, हे मी येथे नमूद करते.

यजमानांनी उजवा हात हळूच नाकाशी नेला. मग डावा.

"मॅडम, या इकडे," काकूंनी हाक मारली. "तुमचा पाझर सापडला."

"पानं पार गुंडाळून घेतली होती बिचाऱ्यांनी," यजमान पुटपुटले. "बघवेना. बाटलीत उरलेलं घोटभर घातलं, एवढंच."

"त्या घोटभरात माझी नोकरी चालली होती."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. काकूंची नोकरी टिकली. रांग मात्र नव्याने पेरावी लागली आणि डबा दाराबाहेर थांबू लागला.

मॅडम गेल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "इतकी वर्षं उन्हातून घरी येतेय मी. माझं तोंड सुकलेलं कधी दिसलं नाही यांना."

नंतर त्या काट्यापाशी टेकल्या व यजमानांना म्हणाल्या, "अहो, मला एक पेला पाणी आणून द्या."