मोडायला शिकवणारे साळवे सर

साळवे सरांची आणि माझी पहिली ओळख एका सोल्डरिंग गनमुळे झाली. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या यंत्र विभागात ते नुकतेच रुजू झाले होते; मी इलेक्ट्रॉनिक्सला शिकवत होते. विद्यार्थ्यांचा रोबोटिक्स संघ उभा करायचा म्हणून ते गन मागायला आले आणि जाताना माझे दोन हुशार विद्यार्थीही घेऊन गेले. गन तेवढी परत आली.

सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात बाकीचे प्रेमाने लिहितील. मी हेव्याने लिहिते आहे, आणि हे सरांनाही ठाऊक आहे. माझ्या तासाला पेंगणारी मुलं त्यांच्या वर्कशॉपमध्ये जेवण विसरतात, हे वर्षानुवर्षं बघवत नाही. बरं, माणूस तिरसट असता तर हेवा करणं सोपं गेलं असतं. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा सर बिडकीनच्या आपल्या घरून येताना रोज तिच्यासाठी भाकरी आणि मुगाचं वरण आणत. आई अजूनही माझ्याआधी त्यांची खुशाली विचारते.

सरांची एक रीत आहे. स्पर्धांचा हंगाम जवळ आला आणि रोबोट नीट चालू लागला, की ते तो शेवटच्या स्क्रूपर्यंत मोडायला लावतात. मग पुन्हा जोडायचा, तोही कामं बदलून. वायरिंगवाल्यांनी चाकं बसवायची, चाकंवाल्यांनी वायरिंग करायचं. मी याला दरवर्षी वेडेपणा म्हणत आले.

गेल्या हंगामात जोडणी झाल्यावर रोबोटचा हात अर्धा वर जाऊन थांबू लागला. स्पर्धा तोंडावर आलेली. सर निवृत्त होणार होते आणि त्यांच्यामागे संघ कोणाकडे द्यायचा हे ठरायचं होतं. मला तो हवा होता, मनापासून हवा होता. सांध्यात दबलेली वायर मला दारातूनच दिसली आणि मी पुढे सरसावले.

"मॅडम, हात मागं घ्या," सर हळूच म्हणाले. "मलाबी दिसलीय. पोरांना सापडंल."

"सर, बता दो ना," संघाची कप्तान आयेशा रडकुंडीला आली होती. सर खिशात हात घालून उभेच. संध्याकाळी तिचं तिलाच सापडलं, तेव्हा सर चहा सांगायला निघून गेले. इतका वेळ गप्प राहणं मला जमलं नसतं.

संघ माझ्याकडेच आला. प्राचार्यांना माझं नाव सरांनीच सुचवलं, म्हणजे त्याचेही उपकार त्यांचेच. परवा माझ्या देखरेखीखालच्या पहिल्याच सरावात रोबोट अडला. साडीला खिसे नसतात. मी हात पाठीमागे बांधून गप्प उभी राहिले. मुलांनी माना वर केल्या आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

साळवे सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. त्यांनी वर्कशॉपमध्ये वरचेवर यावं, असं या ग्रंथात सगळेच लिहितील. माझी विनंती वेगळी आहे. सर, हा एक हंगाम येऊ नका. मुलांना माझ्याकडे बघायची सवय होऊ द्या.